रिकामी बिऱ्हाडं

“एका शब्दात सांग. पाणी सोडू का नको?”

“अहो भावोजी, मला ओढ्यात उतरू तर द्या. एक पाय अजून काठावर आहे माझा.”

“तुझा पाय राहू दे. तिकडं माझी पिल्लं तोंडं वर करून बसलीत.”

“मग त्यांना जाऊन सांगा, मावशी किड्यांना विचारून येतेय म्हणून. आणि जरा मागं सरका. तुमची सावली पडतेय माझ्या अंगावर.”

“माझ्या सावलीला सगळे घाबरतात, एक तुझी बहीण सोडून,” असं म्हणत भावोजी मागे सरले आणि काठावरच्या दगडावर बूड टेकून बसले. बसले म्हणजे नुसते टेकले. त्या माणसाला त्या दिवशी बसवत नव्हतं.

त्यांची दोन तळी होती, ओढ्याच्या कडेला खोदलेली, एक धाकटं आणि एक थोरलं. दोन्हींत माशांची पिल्लं वाढवायची आणि बोटाएवढी झाली की विकायची, हा धंदा. तळ्यातलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की जड होतं, हिरवं होतं, पिल्लं वर येऊन हवा गिळायला लागतात. मग ओढ्याच्या पाटावरची लाकडी फळी उचलायची आणि ताजं पाणी आत घ्यायचं. सोपं काम. पण मागे एकदा असंच सोपं काम करून भावोजींनी सगळी पिल्लं घालवली होती, कारण वर कुणीतरी गाडीची टाकी ओढ्यात धुतली होती. तेव्हापासून मेहुणीने ‘सोडा’ म्हटल्याशिवाय ते फळीला हात लावत नसत. पिल्लं हातची जाऊ नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्या मागण्याचं ओझं मेहुणीच्या मानेवर होतं.

मेहुणी म्हणजे किडेमावशी. खरं नाव कार्यालयाच्या दप्तरात आहे, पण त्या नावाने मागून हाक मारली तर ती वळून बघेल याची खात्री देता येत नाही. किडेमावशी हे नाव गल्लीतल्या पोरांनी पाडलं, मग पोस्टमनने उचललं, आणि एक दिवस नवराही दुकानातून ओरडला, “अहो किडेमावशी, जेवायला वाढताय ना?” तेव्हा तिने हात टेकले.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पण बाटलीत पाणी भरून आणायचं काम दुसऱ्यांचं. तिने ओढ्यात उतरायचं, टाचेने तळ ढवळायचा, जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि ओढ्याच्या घरी कोण कोण आहे, कोण दिसत नाही, ते बघायचं. नाजूक किडे जागेवर असले तर ओढ्याची तब्येत ठणठणीत. नुसत्या लाल अळ्या आणि जळवा राहिल्या तर ओढा अंथरुणाला खिळला.

हे लोकांना पटवताना मात्र तिच्या नाकी नऊ येत. एकदा तिने शेजारणीला मोठ्या आनंदाने सांगितलं, “अगं, वरच्या अंगाला काय किडे सापडलेत म्हणून सांगू!” शेजारणीने त्या दिवसापासून पाणी दोनदा उकळायला घेतलं. मावशीने समजावलं की बाई, किडे आहेत म्हणजे पाणी चांगलं. शेजारीण म्हणाली, “मग तुझ्याकडचं धान्य फारच चांगलं असेल.”

किड्यांशी तिची ओळख नोकरीच्या आधीची. बाप गळ टाकणाऱ्यांना आमिष विकायचा. गांडुळं, अळ्या, ओढ्यातले दगडाखालचे किडे, डबीत ओल्या शेवाळात घालून. पोरी दोन, थोरली ताई गिऱ्हाईक सांभाळायची आणि धाकटी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड उलटायची. त्यामुळे ताईला माणसं कळायला लागली आणि धाकटीला किडे. पुढे प्रयोगशाळेतल्या जुन्या साहेबांनी आमिष विकत घेता घेता पोरीचे हात बघितले आणि विचारलं, विकण्याऐवजी मोजशील का? ती म्हणाली, मोजून झाल्यावर काय करायचं? साहेब म्हणाले, बरेचसे परत सोडायचे. तिला ते फार चमत्कारिक वाटलं, पण पगार वेळेवर होता.

किड्यांना पुस्तकात नावं होती. जीभ घसरून पडेल अशी. मावशीने आपली नावं ठेवली. चपळ, अंगाने सपाट आणि मागे तीन केस असलेला तो तिशेपट्या. नुसत्या दोन शेपट्यांचा, थंड खळाळत्या पाण्याशिवाय न जगणारा तो नखरेवाला. आणि रेतीचा कणन् कण चिकटवून नळकांडं बांधणारा, त्यात अंग घालून ते ओढत ओढत तळावरून फिरणारा तो बिऱ्हाडी. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो म्हणून बिऱ्हाडी. हे नाव इतकं चपखल बसलं की प्रयोगशाळेतल्या मॅडमही तेच म्हणायला लागल्या, आणि एकदा वरच्या कार्यालयात पाठवायच्या अहवालात ‘बिऱ्हाडी: विपुल’ असं छापून जाता जाता राहिलं.

या बिऱ्हाड्याची एक खोड आहे. त्याला उचलून ट्रेमध्ये टाकलं की तो आत सरकतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. नळकांडं भरलेलं आहे का रिकामं, वरून कळत नाही. रिकामी नळकांडी ओढ्यात नेहमीच असतात, कारण किडा मोठा झाला की त्याला पंख फुटतात आणि तो घर टाकून उडून जातो. म्हणून मोजणाऱ्याने धीर धरायचा. ट्रे हलवायचा नाही, श्वासही जपून घ्यायचा. मग कधीतरी एका टोकातून डोकं येतं, पाठोपाठ पाय. आले की मोजायचा. नव्याने कामावर येणाऱ्यांना मावशीचा पहिला धडा हाच असे: “घर मोजू नका, घरातला मोजा.”

तर त्या सकाळी भावोजी काठावर बसले होते आणि मावशी ढोपरभर पाण्यात उभी होती. जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरून तिने टाचेने तळ खरवडला. गोटे खडखडले, गढूळ लोट उठला आणि जाळीत शिरला. मग दगड हातात घेऊन एकेक चोळला. जाळी ट्रेमध्ये उलटी केली आणि गाळ खाली बसेपर्यंत ती ट्रेवर वाकून राहिली.

गोगलगाई मजेत होत्या. लाल अळ्या आळोखेपिळोखे देत होत्या. तिशेपटे मात्र औषधालाही नव्हते. तिला खटकलं. पण गेल्या आठवड्यात जोराच्या सरी येऊन ओढा चढला होता. वाहून गेले असतील, असं तिने मनाशी म्हटलं. आणि बिऱ्हाडी? बिऱ्हाडी भरपूर. रेतीची नळकांडी ट्रेभर विखुरली होती.

“झालं का?” भावोजींनी काठावरून विचारलं.

“थांबा हो.”

ती आणखी वाकली. हल्ली ती जेवढी जवळ वाके तेवढं ते धूसर होई. मग ती ट्रे लांब धरी, तर नळकांडी डाळीच्या टरफलाएवढी दिसत. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याच्या मात्र ती लक्षात आली होती. तो शिंपी होता, दोऱ्यात त्याचा जन्म गेला होता. तो म्हणायचा, “अगं, तुला सुईत दोरा मी ओवून द्यायला लागलो, आणि तू म्हणतेस डोळे ठीक आहेत.” ती म्हणायची, “सुया बारीक करून ठेवल्यात तुम्ही.” चष्मा लावायला लाज नव्हती. तिच्या आधीचा जो मोजणीदार होता, त्याने चष्मा लावला आणि महिन्याभरात त्याला टेबलावर बसवून बाटल्यांना चिठ्ठ्या डकवायचं काम दिलं गेलं. चारी भिंतींच्या आत, दिवसभर, डिंकाच्या वासात. त्यापेक्षा धूसर बरं, असा तिचा हिशोब.

पाण्यावर ऊन हलत होतं, त्याचे कवडसे ट्रेमध्ये हलत होते. कवडशांखालची नळकांडीही हलल्यासारखी वाटली. एकाच्या टोकाशी काहीतरी काळं दिसलं. पाय असावेत. पायच.

“मावशीबाई, माझी पिल्लं...”

“आहेत हो आहेत, बिऱ्हाडी आहेत!” ती म्हणाली. “पाण्यात बुडवायचं मीटरही बरं सांगतंय. सोडा उद्या सकाळी.”

तिने नळकांडी चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. भावोजी उठले, कपडे झटकले आणि जाताना म्हणाले, “ताईला सांगतो तुझ्यासाठी चहा टाकायला.”

“साखर कमी म्हणावं.”

एवढ्यावर ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मागच्या मोरीत जाळी धूत होती. प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या. पुढे मॅडमचं टेबल आणि सूक्ष्मदर्शक, मधे बाटल्यांच्या मांडण्या, मागे मोरी. मॅडम वयाने मावशीच्या भाचीएवढ्या. स्पिरिटच्या वासाने त्यांना हमखास शिंका येत, त्यामुळे त्या कामाला लागल्या की मागे कळायचं. त्या दिवशी तीन शिंका झाल्या आणि मग बराच वेळ काहीच नाही.

“मावशी, जरा या.”

मावशी हात पुसत गेली.

“कालच्या बाटलीतले हे बिऱ्हाडी. तुम्ही पाय बाहेर आलेले बघितलेत?”

“बघितले की.”

“सगळ्यांचे?”

मावशीने हात पुन्हा पुसले. मॅडमनी खुर्ची सोडली. “बसा. बघा यातून.”

सूक्ष्मदर्शकाखाली नळकांडं एखाद्या बांधीव विहिरीएवढं दिसत होतं. सुईने उभं चिरलेलं.

“रिकामी असतात काही,” मावशी म्हणाली. “पंख फुटले की उडून जातात.”

“उडून जायच्या आधी तो दाराला टोपण लावतो आणि मग ते कापून जातो. तुम्हीच दाखवलं होतंत मला. इथे टोपण कुठाय? आणि आत बघा.”

आत एक काळपट, सुरकुतलेलं काहीतरी होतं. शेंगेत दाणा वाळून जावा तसं. मॅडमनी दुसरं सरकवलं. तिसरं. एकात निम्मा सडलेला, एकात नुसतं डोकं. घरं टाकून कुणी गेलेलं नव्हतं. घरच्या घरी मेले होते सगळे, आणि मरून बरेच दिवस झाले होते.

“गोगलगाई जिवंत, अळ्या जिवंत,” मॅडम म्हणाल्या. “फक्त नाजूक किडे मेलेत. हे गटाराचं पाणी नाही मावशी. हे कीटकनाशक आहे. आणि काल संध्याकाळी पुन्हा सर येऊन गेली, म्हणजे आणखी...”

“माझा फोन कुठाय?” मावशी म्हणाली.

भावोजींनी उचलला नाही. तिने ताईला लावला.

“काय गं, एवढ्या सकाळी?” ताईच्या तोंडात घास होता.

“भावोजी कुठायत?”

“गेलेत तळ्यावर. फोन इथं चार्जिंगला लावून. रोजचं आहे...”

“ताई, पळ. फळी उचलू नका म्हणावं.”

“अगं, तूच ना काल...”

“मी बोलले ते चुकलं. पळ तू आधी, मग भांड!”

ताई पळाली. ताईचं पळणं गल्लीने लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याची. मावशी मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून निघाली. सगळ्या रस्ताभर मॅडम एवढंच म्हणाल्या, “घट्ट धरा.”

भावोजींची एक सवय होती. आधी धाकट्या तळ्यात पाणी घ्यायचं, ते भरलं की मग थोरल्यात. या सवयीने थोरलं तळं वाचलं आणि त्याच सवयीने धाकटं गेलं. ताई धापा टाकत पोचली तेव्हा धाकट्याची फळी उचलून झाली होती आणि भावोजी थोरल्याकडे निघाले होते. ताईने लांबूनच आरोळी ठोकली. त्यांनी उलट धावत जाऊन फळी खाली दाबली, वर दगड ठेवला. पण जेवढं जायचं तेवढं आत गेलं होतं.

मावशी पोचली तेव्हा पिल्लं पाण्याच्या वर येऊन गरगर फिरत होती. काही उड्या मारत होती, काही आडवी होऊन एकाच कुशीवर पोहत होती. भावोजी थोरल्या तळ्यातून बादल्या भरून आणत होते आणि धाकट्यात ओतत होते. मावशीने बादली घेतली, मॅडमनीही घेतली. दुपार टळेपर्यंत तिघांनी ते केलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. उन्हं उतरली तेव्हा धाकट्या तळ्यावर पांढऱ्या पोटांची साय धरली होती.

ताई काठावर बसली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“किड्यांना विचारून येते म्हणाली! किड्यांनी काय सांगितलं गं तुला? मेलेल्या किड्यांनी? मेलेल्यांना विचारत बसलीस? बापाच्या हाताखाली होतीस तेव्हा मेलेला किडा डबीत गेला तर गिऱ्हाईक डबी तोंडावर मारायचं, ते विसरलीस?”

मावशी म्हणाली, “विसरले नाही. दिसला नाही मला.”

“काय दिसला नाही?”

“पाय. जवळचं दिसत नाही मला. वर्ष होत आलं.”

ताई पुढचं बोलायला तोंड उघडून तशीच राहिली. भावोजी जाळीने मेलेली पिल्लं गोळा करत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

“दिसत नाही म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो,” ते म्हणाले. “मला घाई होती. मी बहिरा नव्हतो.”

तिने दुसरी जाळी घेतली आणि पलीकडच्या काठाने पिल्लं गोळा करायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि ती ओढ्याने वर चालत गेल्या. प्रत्येक वळणाला मावशी दगड उचलायची आणि मॅडमच्या हातात द्यायची. “बघा तुम्ही.” मॅडम बघून मान हलवायच्या. रिकामं. पुढच्या वळणाला, मेलेलं. शाळेच्या मागे, मेलेलं. पुलाखाली, मेलेलं. पूल ओलांडून, कुंपणाच्या पलीकडे, मेंढ्यांच्या वाड्याच्याही वर गेल्यावर मॅडमनी एक दगड हातात धरला आणि किंचाळल्या. त्यांच्या अंगठ्यावरून तिशेपट्या पळाला होता. त्याच दगडावर दोन बिऱ्हाडी चिकटलेले होते आणि ओल्या तळव्यावर थोडा वेळ ठेवल्यावर एकाने डोकं बाहेर काढलं.

मग शोधायला फार हिंडावं लागलं नाही. वाड्याच्या कडेला सिमेंटची लांबट टाकी होती. मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचड्या मारायला औषधाचं पाणी करतात, त्यात एकेक मेंढी बुडवून काढतात, त्याची. टाकीपासून ओढ्याकडे उतार. उतारावर एक खड्डा. खड्ड्यातली माती ओली.

मेंढ्यांचा मालक बाहेर आला. गळ्यात मफलर, हातात कातर.

“काय पाहिजे?”

“टाकीतलं पाणी कुठं सोडता दादा?” मावशीने विचारलं.

“ओढ्यात नाही सोडत. मला अक्कल आहे. खड्डा केलाय त्यासाठी.”

“आणि खड्ड्याला बूड आहे का?”

“खड्ड्याला बूड? खड्ड्याला बूड असतं तर त्याला टाकी म्हटलं असतं ना.” तो हसला. कुणी हसत नाही बघून थांबला.

“सर आली की ते खालून पाझरतं,” मॅडम म्हणाल्या. “ओढ्यातले किडे मेलेत. पुलाखालून थेट खालपर्यंत.”

“बाई, औषध गोचड्यांचं आहे. बाटलीवर चित्र आहे गोचडीचं. तुमचे किडे कशाला मरतील त्याने?”

“त्या औषधाला चित्र वाचता येत नाही,” मावशी म्हणाली. “सहा पाय, आठ पाय, ते बघत नाही. आणि माझ्या बहिणीकडची माशांची पिल्लं, त्यांना तर पायच नव्हते.”

मालक कातर उघडमीट करत उभा राहिला. मग त्याने विचारलं, “कुणाची? तळंवाल्याची?” तो भावोजींना ओळखत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “मेंढ्या पाणी पितात ते वरच्या अंगाला पितात. म्हणून मला कळलं नाही.” हे त्याने बचाव म्हणून सांगितलं, पण त्यात खरंही होतं.

कार्यालयाची नोटीस गेली. खड्ड्यातली माती काढून नेली, टाकीला जोडून बुडाला आणि भिंतींना सिमेंट लावलेली दुसरी टाकी बांधली गेली, वर पत्रा. मालकाने हे सगळं शिव्या घालत केलं, पण केलं. शिव्या कार्यालयाला होत्या. भावोजींकडे तो एकदा येऊन गेला, धाकट्या तळ्याच्या काठी गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि पुढच्या पिल्लांना लागेल तेव्हा गाडी आपली न्या, असं सांगून गेला.

मावशीने चष्मा केला. नवऱ्याने कापडाच्या दुकानातलं इलॅस्टिक लावून दिलं, वाकलं तरी पाण्यात पडू नये म्हणून. “आता सुया जाड झाल्या का?” एवढंच त्याने विचारलं. तिने त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण त्याच्या अंगावरच शिवून दाखवलं, आणि मुद्दाम एकदा टोचलं.

चष्मा घालून ती मॅडमपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “कुठलं टेबल माझं?”

“कसलं टेबल?”

“चिठ्ठ्या डकवायचं.”

“तुम्ही टेबलावर बसलात तर ओढ्यात कोण उतरणार? मी? मला पोहता येत नाही मावशी.”

“ढोपरभर पाणी असतं.”

“ढोपरभरही येत नाही.”

पण त्या चुकलेल्या बाटलीच्या नोंदीचा कागद मॅडमनी फाडला नाही. ‘मोजणी चुकली, घरं रिकामी होती’ असं त्यांनी त्यावर लिहिलं आणि मावशीकडून सही घेतली. मावशीने सही केली. सही करायला तिला चष्मा लागला.

ओढा ओढ्याच्या मनाने सुधारत होता. वरच्या अंगाचे किडे प्रवाहाबरोबर खाली घसरत येतात, पंखवाले येऊन अंडी घालतात, असं होत होत वस्ती पुन्हा भरते. घाई करून भरत नाही. भावोजींचं थोरलं तळं तोवर शेजारच्या विहिरीवरून नळी टाकून कसंबसं चाललं होतं. ताई मावशीशी बोलत होती. ताईला बोलल्यावाचून राहवतच नाही. भाजीचं, गुडघ्याचं, मुलीच्या परीक्षेचं सगळं बोलायची. पाण्याचा विषय काढायची नाही. भावोजी ‘ये, बस’ म्हणायचे. ‘सोडू का?’ म्हणायचे नाहीत. एवढी वर्षं त्या एका प्रश्नाचा मावशीला वैताग होता. आता तो येत नव्हता, तर त्या घरी चहा पिताना तिला कपाकडे बघत बसावं लागे. विहिरीला पाणी कमी पडत चाललं होतं, हे तिला दिसत होतं. थोरल्या तळ्याचा रंग तिला लांबूनही दिसत होता. लांबचं तिला नेहमीच दिसायचं.

मग मोजणीचा पुढचा दिवस आला. ती त्याच जागी ओढ्यात उभी होती. तळ ढवळून झाला होता, ट्रे दगडावर सपाट ठेवला होता, गाळ बसत होता. काठावर सावली पडली.

भावोजी होते. हातात तेलाचा पत्र्याचा डबा, त्याला वरच्या निम्म्यात चारी बाजूंनी खिळ्याने भोकं पाडलेली, तोंडाला जाळी बांधलेली. डब्यात पाणी आणि पाण्यात चारदोन पिल्लं.

“हे काय?” मावशी म्हणाली.

“माझे किडे.”

ती बघत राहिली. भावोजी कपडे गुडघ्यापर्यंत दुमडत होते.

“तुझे तू विचार. माझे मी विचारतो,” ते म्हणाले. “हा डबा ओढ्यात बांधून ठेवतो. उद्यापर्यंत राहिले तर राहिले.”

मावशीला हे लागलं का? लागलं थोडं. पण डबा तिने नीट बघितला आणि म्हणाली, “एका दिवसाने काय होतंय? आज चांगलं असेल, परवा सर आली की पाझरलं तर? सर येऊन जाईपर्यंत ठेवा.”

“तोवर यांना खायला?”

“जाळीतून टाका की. तळ्यात टाकता तसं.”

भावोजी पाण्यात उतरून डबा मधोमध, ऐन खळाळात बांधायला लागले.

“तिथं नको. आपटून मरतील, आणि तुम्ही परत माझ्या नावाने बोंब माराल. त्या मोठ्या दगडाच्या आडोशाला. हां. जाळीचं तोंड पाण्यावर राहू द्या. दोरी वरच्या मुळाला बांधा, खालच्या नको, ते कुजलंय.”

“सगळंच तुला कळतं.”

“जवळचं सोडून.”

भावोजी हसले नाहीत, पण त्यांनी दोरी वरच्या मुळाला बांधली. मग चिखलाचे पाय तसेच घेऊन ते ट्रेपाशी आले आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. दोघं खाली बघत राहिले. एक तिशेपट्या ट्रेच्या कडेकडेने पळत होता. नळकांडी चार-पाच होती, निपचित.

“हे मेलेत का?” भावोजींनी हळू आवाजात विचारलं.

“काय माहीत. गप बसा.”

बराच वेळ गेला. भावोजींच्या पायाला मुंग्या आल्या, त्यांनी पाय बदलला, मावशीने डोळे वटारले. मग एका नळकांड्याचं टोक हललं. तिने चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली ओढला. काळं डोकं आलं. त्यामागून केसाएवढे पाय, आणि ते सगळं बिऱ्हाड एक झटका देऊन इंचभर पुढे सरकलं.

“आला!” भावोजी म्हणाले. “आला ना? मला दिसला!”

“आला. बाकीच्यांचं अजून काही नाही.”

“मग सोडू का नको?”

“नको,” मावशी म्हणाली. “एक घर भरलं म्हणून गल्ली भरत नाही. सर येऊन जाऊ दे, तुमचा डबा बघू, मग मी परत उतरते, मॅडम बाटली बघतील, आणि त्यानंतर सांगते. विहीर किती दिवस पुरेल?”

“पुरवतो.”

“पुरवा.”

भावोजी उठले. गुडघा धरून काठावर चढले आणि डब्याकडे एकदा बघून तळ्याच्या वाटेला लागले. मावशीने बिऱ्हाड्याला चिमट्याने न उचलता ओल्या बोटावर घेऊन पाण्यात सोडलं. उरलेल्या नळकांड्यांतली दोन तेवढी बाटलीत टाकली, बाटलीला चिठ्ठी बांधली, ट्रेमधलं बाकीचं ओढ्यात ओतलं, जाळी उलटी करून तीन वेळा खळखळून धुतली. वरची जागा अजून बाकी होती, पुलापलीकडची. तिने ट्रे काखेत मारला, जाळी खांद्यावर टाकली आणि पाण्यातून न जाता, तळ ढवळू नये म्हणून, काठाकाठाने चालू लागली.